उजेड आणि रंग : छायाचित्र सुधारण्याची साधी रीत

गतवर्षीच्या आमच्या वार्षिक अंकात इयत्ता आठवीचे एक समूहचित्र छापले होते. शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे, कडुनिंबाच्या सावलीत, मुले-मुली तीन रांगांत उभी होती. मोबाइलवर घेतलेले ते चित्र मूळचे काळोखे आले. भिंत झगझगीत आणि चेहरे मात्र काळवंडलेले. अंक छापखान्यात जावयाचा होता, वेळ थोडा होता. म्हणून आम्ही उजेड वाढविण्याची पट्टी भराभर उजवीकडे सरकविली, आणि त्याच भरात चेहरे नितळ करणारे एक बटणही दाबले. चेहरे दिसू लागले. आम्ही समाधानाने चित्र छापावयास धाडले.

अंक घरोघरी गेल्यावर त्या वर्गातील एक मुलगी भेटली. ती म्हणाली, "सर, आमच्या आजीनं रांगांवरून तीनदा बोट फिरवलं अन् विचारलं, 'ह्याच्यात आपली पोरगी कुठं हाय?'" मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती हसतच सांगत होती. परंतु आम्हांस हसू आले नाही. त्या मुलीचा वर्ण सावळा. चित्रात मात्र ती पिठाने माखल्यासारखी पांढुरकी झाली होती आणि तिच्या गालावरील तीळ पार नाहीसा झाला होता. नातीला ओळखण्याची जी खूण आजीपाशी होती, तीच आम्ही पुसून टाकली होती.

त्या दिवसापासून आम्ही ही विद्या जरा शिस्तीने शिकावयाचे ठरविले. आज घरोघरी मोबाइल आहे, प्रत्येक मोबाइलात चित्र सुधारण्याची साधने आहेत, आणि ती वापरणारी मुलेही पुष्कळ आहेत. परंतु कोणते साधन काय करते, हे ठाऊक असणारे थोडे. जे शिकलो ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या घरच्या मंडळींच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, डोळ्यांना चांगले दिसणारे दृश्य कॅमेऱ्यात बिघडते का. आपला डोळा ही मोठी समजूतदार वस्तू आहे. उन्हातून ओसरीवर आलो की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि थोड्याच वेळात ओसरीवरील माणसे स्पष्ट दिसू लागतात. अंगणातील ऊन आणि ओसरीवरील सावली या दोहोंतील बारकावे आपणांस दिसतात. कारण नजर इकडून तिकडे फिरते आणि मेंदू त्या सर्वांचे मिळून एक चित्र जुळवितो. कॅमेरा बिचारा एका क्षणाचा, एकाच मापाचा उजेड आत घेतो. उन्हाच्या मापाने घेतला तर सावली काळी होते. सावलीच्या मापाने घेतला तर ऊन पांढरे फटक पडते. नव्या मोबाइलांत एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती आपोआप जुळविण्याची सोय असते, आणि चेहरे ओळखून उजेड बेतण्याचीही असते. तरी ही अडचण समूळ गेलेली नाही.

कॅमेऱ्याची आणखी एक सवय ध्यानी धरावी. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे, म्हणजे करड्या छटेचे असणार, असे गृहीत धरून तो उजेड मोजतो. हंगामात भैंसा येथील बाजारात कापसाचे ढीग पडतात, त्यांचे चित्र घेऊन पाहावे. सगळा देखावा पांढरा असल्यामुळे उजेड फार झाला असे कॅमेऱ्यास वाटते, तो उजेड कमी करतो आणि शुभ्र कापूस मळकट दिसतो. याच्या उलट, काळ्या रानात उभी असलेली काळी म्हैस चौकटभर घ्यावी. कॅमेरा उजेड वाढवितो आणि म्हैस व माती दोन्ही करडी होतात. ज्या गावाच्या नावातच म्हशीचा जोडीदार आहे, तेथील मुलांनी तरी म्हैस काळीच दाखविली पाहिजे! आमच्या समूहचित्रात हेच घडले होते. मागील पांढऱ्या भिंतीने कॅमेऱ्यास फसविले. त्याने भिंतीसाठी उजेड कमी केला आणि सावलीतील चेहरे अंधारात गेले.

आता मोबाइलातील चित्र असते तरी कशाचे? ते लक्षावधी बारीक ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यास तीन आकडे दिलेले असतात : एक तांबड्या उजेडाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. नेहमीच्या चित्रात हा आकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य म्हणजे काळे. तिन्ही २५५ म्हणजे पांढरे. तिन्ही समान परंतु मधले, म्हणजे करडे. या तीन आकड्यांच्या जुळणीतून १,६७,७७,२१६ निरनिराळे रंग लिहिता येतात. सुधारणेची सर्व साधने शेवटी हे आकडे बदलण्याचेच काम करतात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील गोष्टी जादूच्या न वाटता हिशेबाच्या वाटतील.

चित्र घेतल्यानंतर त्यात सुधारणा करणे, हा काही मोबाइलच्या युगाचाच शोध नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होत. पुढे, आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता त्या काळी, राजा दीनदयाळ यांनी सिकंदराबादेस चित्रशाळा थाटली. सहाव्या निजामांनी त्यांस १८९४ साली 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळाही काढली होती. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेला आहे.

त्या जमान्यातील चित्रशाळांत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा मारीत. निगेटिव्हचा जो भाग गडद होई, तो कागदावर उजळ उमटे. अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रकाश पाडताना चेहऱ्याच्या आड क्षणभर पुठ्ठ्याचा तुकडा धरीत; तेवढ्या भागास प्रकाश कमी मिळे आणि चेहरा काळा होण्यापासून वाचे. आकाश फिके वाटले तर त्या भागावर प्रकाश अधिक वेळ पाडून ते गडद करीत. रंग हवे असल्यास काळ्यापांढऱ्या चित्रावर कुंचल्याने पातळ रंग भरीत. आज बोटाने जी पट्टी सरकते, तिच्यामागे हे सगळे हातांचे कसब उभे आहे.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. पहिला नियम असा की, मूळ चित्रास हात लावू नये. त्याची नक्कल करून तीवर काम करावे. नेहमीच्या जेपेग पद्धतीचे चित्र प्रत्येक वेळी नव्याने साठविताना त्यातील थोडा बारीक तपशील गळतो, आणि चुकलेली सुधारणा पुढे मागे घेता येत नाही. मूळ प्रत जपून ठेवली म्हणजे दहा वेळा चुकण्याची मोकळीक राहते. दुसरे असे की, काम करताना मोबाइलच्या पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा आणि उन्हात बसू नये. उन्हात पडदा अंधारा दिसतो, म्हणून आपण चित्र नको इतके उजळ करतो. चित्र छापावयाचे असेल तर हेही स्मरणात ठेवावे की, पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. त्यामुळे छापील चित्र पडद्यापेक्षा थोडे गडदच दिसते.

यानंतर चित्र सरळ करावे आणि कडेचा निरुपयोगी भाग कापावा. यात उजेडाचाही लाभ असतो. कोपऱ्यातील झगझगीत आकाशाचा तुकडा नजर ओढून घेत असेल, तर तो गेल्याबरोबर चेहरे अधिक उजळ भासतात, वास्तविक त्यांचा एकही आकडा बदललेला नसतो. शेजारच्या रंगाचा असा प्रभाव निर्मळच्या चित्रकारांना चांगला ठाऊक आहे. काळ्या पार्श्वभूमीवर रेखाटल्यामुळेच त्यांचा सोनेरी रंग एवढा खुलतो.

मग उजेडाकडे वळावे. 'ब्राइटनेस' नावाची पट्टी साधारणतः सर्व ठिपक्यांत सारखीच भर घालते, असे समजून एक हिशेब करू. चेहऱ्याचा आकडा ४० आहे, पांढऱ्या सदऱ्याच्या घडीचा २०० आणि मागील भिंतीचा २३०. चेहरा उजळावा म्हणून आपण ७० मिळविले. चेहरा ११० झाला, ठीक. परंतु सदरा २७० आणि भिंत ३०० व्हावयास हवी, आणि आकडे तर २५५ च्या पुढे जात नाहीत! परिणामी सदरा व भिंत दोन्ही २५५ वर येऊन एकच पांढरा डाग होतात. सदऱ्याची घडी, गुंडी, खिसा, सर्व नाहीसे होते. असे चित्र एकदा साठविले की पुढे कितीही अंधारले, तरी घडी परत येत नाही. कारण दोघांचा आकडा एकच झालेला असतो. आमची पहिली चूक ती हीच.

योग्य मार्ग असा की, अंधाराचा व उजेडाचा भाग वेगवेगळा हाताळावा. त्यासाठी 'शॅडोज' आणि 'हायलाइट्स' या दोन पट्ट्या असतात. पहिली मुख्यतः गडद भागास उचलते, दुसरी मुख्यतः अतिउजळ भागास आवरते. 'शॅडोज' थोडी उजवीकडे नेली की ४० चा चेहरा ८०-९० वर येतो आणि २०० चा सदरा बहुधा जागच्या जागी राहतो. 'हायलाइट्स' थोडी डावीकडे नेली की भिंतीचा भगभगीतपणा ओसरतो. मात्र येथेही हात राखावा. सावली फार उचलली तर तीत मुळात उजेड कमी असल्यामुळे रवाळ ठिपके दिसू लागतात, आणि उन्हातील चित्रालाही ढगाळ दिवसाची अवकळा येते.

'कॉन्ट्रास्ट' म्हणजे उजेड व अंधार यांतील अंतर. ते वाढविले की मधल्यापेक्षा उजळ असलेले ठिपके आणखी उजळतात व गडद असलेले आणखी गडद होतात. धुक्यातील किंवा धुळीतील फिकट चित्रास त्याने जोम येतो. परंतु माध्यान्हीच्या उन्हातील चित्रात हे अंतर मुळातच मोठे असते. तेथे वाढविले तर डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. तेथे ते किंचित कमी करणेच बरे.

उजेडानंतर रंग. विजेच्या पिवळसर दिव्याखाली पांढरे धोतर आपणांस पांढरेच दिसते. कारण दिवा पिवळा आहे हे ओळखून मेंदू ती पिवळी झाक वजा करतो. कॅमेऱ्याने ही वजाबाकी चुकविली की धोतर पिवळे उमटते. प्रकाशाच्या या रंगास केल्विन नावाच्या मापात मोजतात. पिवळसर दिव्याचा प्रकाश सुमारे २७०० ते ३००० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, आणि निरभ्र आकाशाखालील सावलीचा ७००० च्या आसपास असतो. मापाचा आकडा जितका मोठा, तितकी निळसर झाक अधिक.

ही झाक काढण्याची युक्ती सोपी आहे. चित्रात जी वस्तू खरोखर पांढरी किंवा करडी आहे, ती शोधावी : शाळेचा सदरा, चुन्याची भिंत, वहीचा कागद. समजा, दिव्याखाली सदऱ्याचे आकडे तांबडा २४०, हिरवा २०५, निळा १५० असे आले. म्हणजे तांबडा अधिक, निळा उणा. 'व्हाइट बॅलन्स' मधील उष्णतेची पट्टी निळ्याकडे सरकवीत गेल्यास हे आकडे एकमेकांजवळ येतात. सदरा पांढरा झाला की चेहऱ्याचा रंगही आपोआप जागेवर येतो. दुसरी एक पट्टी हिरवा आणि जांभळट गुलाबी यांमधली असते, तिला 'टिंट' म्हणतात. झाडाखाली घेतलेल्या चित्रात पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाने चेहऱ्यांवर हिरवट छटा येते. तेथे ही पट्टी गुलाबीकडे थोडी न्यावी. आमच्या कडुनिंबाखालील चित्रास खरी गरज हिचीच होती.

परंतु प्रत्येक झाक म्हणजे दोष नव्हे. बासरच्या घाटावर गोदावरीवर पसरलेला सायंकाळचा सोनेरी प्रकाश, किंवा दिवाळीच्या पणतीने उजळलेला आईचा चेहरा, यांतील पिवळेपणा 'सुधारून' काढला तर संध्याकाळ आणि दिवाळी दोन्ही चित्रातून निघून जातात. जी झाक आपल्या डोळ्यांनीही पाहिली होती, ती ठेवावी. जी केवळ कॅमेऱ्याने आणली, ती काढावी.

रंग गडद करणारी 'सॅच्युरेशन' ही पट्टी मुलांस सर्वांत प्रिय आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. मिरच्यांच्या ढिगाचा लाल रंग तिने अधिक लाल होतो खरा, परंतु थोडे पुढे जाताच एकेका मिरचीची सुरकुती आणि देठ नाहीसे होऊन लाल चिखल उरतो. माणसांचे चेहरे नारिंगी होतात. 'व्हायब्रन्स' नावाची पट्टी असेल तर ती वापरावी. ती फिक्या रंगांना अधिक उचलते आणि मुळात गडद असलेल्यांना फारसे छेडीत नाही. चांगले वाटते तेथवर पट्टी न्यावी आणि मग अर्धी मागे आणावी, हा आमचा अनुभवाचा नियम आहे. शेवटी मोबाइल बाजूस ठेवून काही वेळाने, शक्य तर दुसऱ्या दिवशी, मूळ व सुधारलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. सरावलेली नजर आदल्या दिवशी जी अतिशयोक्ती सोसून घेते, ती ताजी नजर सोशीत नाही.

घरातील जुन्या चित्रांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अनेक घरांत आजोबा-पणजोबांचे एखादेच चित्र असते आणि तेही फिकट झालेले. त्याची मोबाइलवर प्रत घेताना ते काचेबाहेर सहज निघत असेल तर काढावे. चिकटलेले असल्यास मात्र ओढू नये. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी सपाट ठेवावे, मोबाइल त्याच्याशी समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा, म्हणजे चकाकी येत नाही. काळ्यापांढऱ्या चित्रावर चढलेला पिवळेपणा रंग शून्य करून काढता येतो, आणि 'कॉन्ट्रास्ट' हळूहळू वाढविल्यास चेहरा पुन्हा उमटतो. १९७० च्या सुमाराच्या पुष्कळ रंगीत चित्रांतील निळसर-हिरवा रंग पेटीत ठेवूनही उडत जातो, म्हणून ती लालसर दिसतात. तेथे तांबडा कमी करून समतोल आणावा. मूळ कागद मात्र कधीही फेकू नये.

येथे एक सावधगिरी सांगतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधने अंधुक चेहरा क्षणात लख्ख करून देतात. ती साधने जे हरवले आहे ते शोधून आणीत नाहीत. हजारो इतर चेहऱ्यांवरून जे असावे असे वाटते, ते नव्याने रेखाटतात. मिळालेले डोळे सुंदर असतील, परंतु ते पणजोबांचे असतीलच असे नाही. नातवंडे उद्या त्याच चेहऱ्यास पणजोबा समजतील. अशी प्रत करावयाचीच असेल तर तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे.

सुधारणा कोठे थांबते आणि खोटेपणा कोठे सुरू होतो, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक' या प्रसिद्ध मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर इजिप्तमधील पिरॅमिडांचे चित्र होते. उभ्या पानात मावावेत म्हणून संगणकाने ते पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले होते, आणि त्यावरून पुष्कळ टीका झाली. वर्णाच्या बाबतीत तर साधनेच कलती बनली होती. रंगीत चित्रे छापताना रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी जी नमुन्याची कार्डे देई, त्यांवर बरीच वर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्यांस 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा चांगला आला की रंग बरोबर, असा हिशेब होता. सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत. गडद रंगांच्या छटा नीट उमटत नाहीत, अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांनी केली, तेव्हा कोठे फिल्म सुधारण्यास चालना मिळाली. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे खरे उमटावेत म्हणून गूगलने २०२१ साली आपल्या मोबाइलात 'रिअल टोन' नावाची योजना आणली. म्हणजे दोष सावळ्या वर्णात नव्हता, साधनात होता. आणि दुरुस्त करावयाचे ते साधन, वर्ण नव्हे.

आमची दुसरी, आणि अधिक मोठी चूक ती हीच. अंधारातील चेहरा उजेडात आणणे आणि सावळा चेहरा गोरा करणे, या दोन गोष्टी पट्टीवर अगदी शेजारी शेजारी असतात. परंतु पहिली सुधारणा आहे आणि दुसरी त्या मुलास न बोलता दिलेला उणेपणा आहे. म्हणून चेहरे नितळ करणारे ते बटण आम्ही शाळेच्या कामातून कायमचे वर्ज्य केले आहे. चित्र सुधारल्यावर आता आम्ही मुलांनाच शेजारी उभे करून विचारतो, "हा तूच ना?"

या वर्षी ते समूहचित्र सकाळच्या कोवळ्या उन्हात, पांढरी भिंत टाळून घेतले आहे. 'शॅडोज' किंचित वाढविली, हिरवट छटा काढली, आणि तेथेच थांबलो. सदऱ्यांच्या गुंड्या मोजता येतात. नववीतील त्या मुलीच्या गालावरचा तीळ जागेवर आहे. हा अंक तिच्या घरी जाईल तेव्हा आजीबाईंचे बोट रांगांवरून पुन्हा एकदा फिरेल. आमच्या परीक्षक त्याच.